तबकडीतील ठेवा

यवतमाळ जिल्ह्यातील पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या लग्नपत्रिका आणि छायाचित्रे यांच्या शेजारी, चकचकीत तबकड्यांची एक लहानशी चळत आढळते. इसवी सन २००० नंतरच्या दहापंधरा वर्षांत खेड्यापाड्यांतून डीव्हीडी यंत्रे आली. त्या काळातील लग्नसमारंभ, शाळांची स्नेहसंमेलने आणि भजनी मंडळांचे कार्यक्रम अशाच तबकड्यांवर उतरविले जात. एखाद्या घरच्या तबकडीत कोजागरीच्या रात्री मुलींनी म्हटलेली भुलाबाईची गाणी असतात. एखाद्या तांड्यावर बंजारा स्त्रीपुरुषांनी होळीला गायिलेली लेंगी असते. एखाद्या कोलाम पोडावर दंडारीचा नाच असतो. ज्या आजीने जात्यावरची ओवी म्हटली, ती कदाचित आज हयात नसेल. परंतु तिचा आवाज त्या तबकडीत अजून आहे.

हा ठेवा दोन बोटांनी उचलता येईल इतका हलका, आणि एका ओरखड्याने बिघडेल इतका नाजूक आहे. तो पुन्हा पाहावयाचा असेल, तर तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. तबकडी शाबूत हवी, ती वाचणारे यंत्र चालू स्थितीत हवे, आणि त्या यंत्राला त्या तबकडीवरील लेखन समजावयास हवे. यांपैकी एक गोष्ट जरी उणी पडली, तरी पडद्यावर चित्र उमटत नाही. या तिन्ही गोष्टींचे मर्म कळण्यासाठी तबकडीची जन्मकथा आधी पाहिली पाहिजे.

आवाज साठवून ठेवण्याची विद्या फार जुनी नाही. १८७७ साली अमेरिकेत टॉमस एडिसन याने फोनोग्राफ नावाचे यंत्र बनविले. त्यात आवाज एका फिरत्या नळकांड्यावर कोरला जाई. पुढे दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनर याने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी योजिली, आणि ग्रामोफोनचा जन्म झाला. सपाट तबकडीचा मोठा लाभ असा, की एका साच्यावरून तिच्या हजारो प्रती काढता येत. १९०२ साली कोलकात्यास गोहरजान या विख्यात गायिकेचे गायन अशा तबकडीसाठी मुद्रित करण्यात आले. १९०८ साली त्याच शहरात तबकड्या तयार करण्याचा कारखाना निघाला. बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांचे सूर, ज्यांना नाट्यगृहाचे दर्शनही घडले नव्हते अशा श्रोत्यांच्या घरी पोचले ते या तबकड्यांवरूनच.

त्या काळ्या तबकड्यांचे आणि रानावनांचे एक विलक्षण नाते होते. त्या लाखेपासून बनत. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या डहाळ्यांवर एक बारीक किडा राहतो. त्याच्या अंगातून पाझरणारा चिकट रस वाळला, की त्यालाच लाख म्हणतात. फाल्गुनात यवतमाळच्या रानांत जो पळस लाल फुलांनी पेटल्यासारखा दिसतो, त्याच जातीच्या झाडावर हा किडा पोसला जातो. भारतातील लाख जगभर जाई, आणि तिच्यात दगडाची भुकटी व काजळी मिसळून तबकड्या घडविल्या जात. अशी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई, आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. हातून निसटून जमिनीवर पडली, की तिचे तुकडे होत. शिवाय तिच्या खाचेतून पोलादी सुई फिरत असल्यामुळे प्रत्येक वेळी ती थोडी थोडी झिजे. गाणे जितके आवडते, तितका त्याचा नाश लवकर!

पुढे १९४८ साली मिनिटाला ३३ फेरे व एक तृतीयांश फेरा घेणारी, बारीक खाचांची, अधिक वेळ वाजणारी तबकडी निघाली. तिला ग्रामोफोनची जुनी जाड सुई चालत नसे. कोणी अजाणतेपणे ती लावलीच, तर खाचा कायमच्या खराब होत. तबकडी आणि यंत्र यांचा मेळ असावा लागतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

सुईची झीज टाळावयाची, तर तबकडीला काहीच स्पर्श न करता ती वाचता आली पाहिजे. हे काम प्रकाशाने केले. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीमध्ये सुईच्या जागी लेझर नावाच्या प्रकाशाची एक अत्यंत बारीक शलाका असते. १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडीची विक्री सुरू झाली. दोन्ही तबकड्या दिसावयास जुळ्या बहिणींसारख्या. दोघींचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. दोघींच्या मधोमध दीड सेंटिमीटर व्यासाचे छिद्र. दोन्ही पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या बनलेल्या. आत धातूचा एक पातळ चकाकणारा थर असतो, आणि आरशासारखी चमक दिसते ती त्या थराची.

या थरालगत डोळ्यांना न दिसणारे लहान लहान खळगे एका लांबलचक वेटोळ्यात मांडलेले असतात. काळ्या तबकडीचे वेटोळे बाहेरून आत जात असे. सीडी आणि डीव्हीडी यांचे वेटोळे मध्यापासून निघून कडेकडे जाते. तबकडी फिरू लागली, की प्रकाशाची शलाका खालून या वेटोळ्यावर पडते. सपाट भागावरून प्रकाश नीट परावर्तित होतो, खळग्यावरून तो मंद परततो. प्रकाशाच्या या उघडझापीतून यंत्र शून्य आणि एक या दोनच अंकांची मालिका वाचते, आणि तिच्यापासून चित्र व आवाज पुन्हा घडविते.

हे लेखन किती सूक्ष्म असते! डीव्हीडीच्या वेटोळ्यातील दोन लगतच्या वेढ्यांमध्ये मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागाहूनही कमी अंतर असते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत सुमारे शंभर वेढे सहज मावतील. हे सबंध वेटोळे उलगडून सरळ करता आले, तर त्याची लांबी सुमारे १२ किलोमीटर भरेल. सीडीचे वेढे याच्या दुपटीहून अधिक विरळ असल्यामुळे तिच्या वेटोळ्याची लांबी साडेपाच किलोमीटरच्या आसपास येते. तीनचार तासांचा चित्रपट एका डीव्हीडीवर मावू शकतो, आणि सीडीवर सव्वा तासाचे संगीत मावते, याचे एक कारण या दाटीत आहे.

आता प्रश्न असा, की सर्व तबकड्या दिसण्यात सारख्या असताना एक तबकडी यंत्रात चालते आणि दुसरी का चालत नाही? या प्रश्नाचे उत्तर समजण्यास यवतमाळची जुनी आगगाडी उपयोगी पडते. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर असा लोहमार्ग घालण्यात आला. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेणे हा त्याचा मुख्य हेतू होता. लोक या गाडीला प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत. तिच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर होते, तर मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाच्या रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. इंजिन चांगले, डबे चांगले, रूळही चांगले. तरी शकुंतलेचा डबा मोठ्या मार्गावर एक वीतभरही चालू शकत नसे. कापसाच्या गाठी मूर्तिजापुरास उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा भराव्या लागत. ती गाडी आता बंद पडली आहे. पण तिने दिलेले उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तबकडी आणि यंत्र हे डबा आणि रूळ यांसारखे आहेत. दोहोंचे माप जुळले, तरच प्रवास घडतो.

हे माप मुख्यतः चार ठिकाणी जुळावे लागते.

पहिले माप प्रकाशाचे. सीडी वाचण्यास डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश लागतो. डीव्हीडीचे खळगे अधिक लहान, म्हणून तिला अधिक आखूड लहरींचा तांबडा प्रकाश लागतो. २००६ साली आलेल्या ब्लू-रे तबकडीचे खळगे त्याहूनही लहान असल्यामुळे तिला जांभळट निळा प्रकाश लागतो. जाड टोकाच्या लेखणीने मोठी अक्षरे गिरविता येतात, पण तिने मोहरीच्या दाण्यावर लिहिता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. बहुतेक डीव्हीडी यंत्रांत तांबड्या प्रकाशाबरोबर सीडीसाठी वेगळा प्रकाशही बसविलेला असतो. म्हणून त्यांत सीडी वाजते. परंतु नुसत्या सीडीच्या यंत्रात डीव्हीडी चालत नाही, आणि डीव्हीडीच्या यंत्रात ब्लू-रे चालत नाही. नवे यंत्र जुनी तबकडी बहुधा वाचू शकते. जुने यंत्र नवी तबकडी वाचू शकत नाही.

दुसरे माप लेखनपद्धतीचे. अक्षर ओळखता आले, तरी भाषा आली पाहिजे. भारतात एके काळी व्हीसीडी फार लोकप्रिय होती. ती सीडीच्याच जातीची असून तिच्यावर चित्र एका विशिष्ट पद्धतीने आटवून लिहिलेले असे. एका तबकडीत सव्वा तासाचेच चित्र मावत असल्याने एक चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागलेला असे. बहुतेक डीव्हीडी यंत्रांना ही पद्धत समजते. मात्र संगणकावरील एखादी चित्रफीत जशीच्या तशी कोऱ्या डीव्हीडीवर उतरविली, तर घरचे यंत्र ती ओळखेलच असे नाही. यंत्राला कोणत्या पद्धती समजतात, ते त्याच्या दर्शनी भागावरील चिन्हांवरून आणि सोबतच्या माहितीपुस्तिकेवरून कळते.

तिसरे माप प्रदेशाचे. चित्रपट विकणाऱ्या कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे सहा भाग पाडले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. अमेरिकेचा क्रमांक १, युरोप व जपान यांचा २ आणि भारताचा ५. परदेशी असलेल्या नातलगाने तिकडून एखादी तबकडी पाठविली आणि तिच्यावर १ हा क्रमांक असला, तर ५ क्रमांकाचे यंत्र ती नाकारते. तबकडी खराब नसते, यंत्रही बिघडलेले नसते. मध्ये केवळ माणसाने उभारलेली वेस असते. तबकडीच्या वेष्टनावर पृथ्वीच्या गोलाचे लहान चित्र असते, त्यात हा क्रमांक छापलेला आढळतो. याखेरीज दूरचित्रवाणीच्या पद्धतीतही भेद आहे. भारतातील पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे दाखविली जात, तर अमेरिकेतील पद्धतीत सुमारे ३०. भारतात विकलेल्या पुष्कळ यंत्रांना या दोन्ही पद्धती चालतात.

चौथे माप तबकडीच्या जातीचे. कारखान्यात छापलेल्या तबकडीत खळगे साच्याने उमटविलेले असतात. घरी किंवा छायाचित्रकाराच्या दुकानात भरलेल्या तबकडीत खळगे नसतात. तिच्यात एका रंगाचा थर असतो, आणि तीव्र लेझर किरणाने तो जागोजाग पालटून लेखन केले जाते. अशा तबकड्यांची डीव्हीडी मायनस आर आणि डीव्हीडी प्लस आर अशी दोन घराणी आहेत. आरंभीच्या काही यंत्रांना यांपैकी एकच घराणे चाले. ज्यांवरील लेखन पुसून पुन्हा लिहिता येते, त्या तबकड्यांची चमक मंद असल्यामुळे जुन्या यंत्रांना त्या वाचणे अधिक कठीण जाते. शिवाय घरी भरलेल्या तबकडीवर लेखन पुरे झाल्याची शेवटची खूण करावी लागते. तिला फायनलाइझ करणे म्हणतात. ही खूण राहून गेली, तर जिथे तबकडी भरली त्या यंत्रात ती चालते, पण इतर यंत्रांना ती कोरी भासते. ‘तबकडी रिकामी आहे’ असे समजून ती फेकून देण्याआधी या कारणाचा शोध घेणे शहाणपणाचे असते.

मेळ जुळला तरी निगेवाचून ठेवा टिकत नाही. निगेचे नियम थोडे आहेत, आणि प्रत्येकामागे कारण आहे.

तबकडी नेहमी कडेने किंवा मधल्या छिद्रात बोट घालून धरावी. चकाकणाऱ्या बाजूवर बोट टेकले, की कातडीवरील तेलकटपणाचा ठसा उमटतो आणि प्रकाश फाकतो. तबकडी धूळ असलेल्या मेजावर सरकवू नये. सीडीची वरची, नाव लिहिलेली बाजू विशेष जपावी. कारण तिचा धातूचा थर त्या बाजूस रोगणाच्या पातळ लेपाखालीच असतो. वरून पडलेला ओरखडा त्या थरालाच खरवडतो, आणि मग ती हानी कशानेही भरून येत नाही. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. परंतु त्या चकत्या एकमेकींस चिकटविलेल्या असल्यामुळे डबीतून काढताना तबकडी वाकविली, तर त्या सुटू लागतात. म्हणून डबीच्या मधली खुंटी आधी दाबावी आणि मगच तबकडी उचलावी. नाव लिहावयाचे झाल्यास बॉलपेन वापरू नये. त्यासाठी मऊ टोकाची लेखणी घ्यावी. कागदी चिठ्ठी चिकटवू नये. तिच्यामुळे तबकडीचा तोल जातो आणि ती वेगाने फिरताना थरथरते.

तबकडी पुसण्याची रीत वरवर साधी वाटते, पण तीत शास्त्र आहे. स्वच्छ, मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल गोल पुसू नये. कोणी वर्तमानपत्रात ‘यव-माळ’ असे एक अक्षर पुसट झालेले नाव पाहिले, तरी तो ते ‘यवतमाळ’ असे ओळखतो. पण सबंध ओळच फाटून गेली, तर वाचणाऱ्याचा नाइलाज होतो. यंत्राचेही तसेच आहे. तबकडीवर मूळ मजकुराबरोबर काही जादा अंक लिहिलेले असतात आणि त्यांच्या साहाय्याने यंत्र लहानसहान गळती भरून काढते. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक वेढ्याला अगदी थोडा छेदतो, त्यामुळे गळती लहान राहते. गोल ओरखडा मात्र एकाच वेढ्याच्या मागे लागतो आणि ओळच्या ओळ पुसून टाकतो. म्हणून पदराने किंवा धोतराच्या सोग्याने घाईघाईने गोल पुसणे हे न पुसण्यापेक्षाही वाईट. डाग घट्ट असल्यास स्वच्छ पाण्यात साबणाचा एखादा थेंब घालून हलकेच धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर कधीही लावू नये. त्यांनी प्लॅस्टिकचा पृष्ठभाग धुरकट होऊ शकतो.

यवतमाळच्या हवेत या निगेला विशेष महत्त्व आहे. मे महिन्यात येथील पारा ४० अंशांच्या बराच वर चढतो. पत्र्याच्या छपराखालील माळा, खिडकीची उन्हाची कड किंवा उभी केलेली मोटार या जागा त्याहूनही तापतात. उष्णतेने तबकडी किंचित वाकते, आणि वाकलेल्या तबकडीवर शलाकेचा नेम ठरत नाही. घरी भरलेल्या तबकडीतील रंगाचा थर उष्णतेने व उन्हाने फिका पडत जातो. म्हणून तबकड्या डबीत घालून, उभ्या, घरातील थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवाव्या. आडव्या चळतीत खालच्या तबकडीवर भार पडतो. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ फटीफटींतून घरात शिरते. कापसाच्या हंगामात घरात कापूस साठविलेला असला, की त्याचे तंतू हवेत तरंगतात. ही धूळ आणि हे तंतू यंत्रातील भिंगावर बसले, की चित्र अडखळू लागते; आणि दोष यंत्राचा असता तबकडीला बोल लावला जातो. असे झाल्यास दुसरी चांगली तबकडी घालून पाहावी. तीही अडखळली, तर दोष यंत्रात आहे असे समजावे.

यंत्र सपाट आणि हवेशीर जागी ठेवावे. त्याच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर रुमाल किंवा दुसरे यंत्र ठेवू नये. वापर नसताना त्यावर स्वच्छ कापड घालावे, मात्र यंत्र चालू करण्यापूर्वी ते काढावे. काम संपले, की तबकडी बाहेर काढून डबीत ठेवावी. ट्रे हाताने ढकलू नये, बटण दाबून आत जाऊ द्यावा. लहान, आठ सेंटिमीटरची तबकडी ट्रेच्या आतल्या खोलगट वर्तुळात नीट बसवावी. पावसाळी दिवसांत यंत्र थंड जागेतून एकदम उबदार, दमट खोलीत आणले, तर भिंगावर दव साचते. अशा वेळी तासदोन तास थांबूनच ते सुरू करावे. आकाशात विजा चमकत असतील, तर प्लग काढून ठेवावा. यंत्राचे झाकण मुलांनी कधीही उघडू नये. आतील लेझर किरण डोळ्यांस अपाय करतो, आणि विजेचा धक्काही बसू शकतो.

इतकी निगा राखली, तरी एक गोष्ट उरतेच. तबकडी जपली, पण ती वाचणारे यंत्रच नाहीसे झाले तर? नव्या संगणकांपैकी पुष्कळांत तबकडीसाठी जागाच नसते. लोक चित्रफिती भ्रमणध्वनीवर पाहतात, आणि बिघडलेल्या डीव्हीडी यंत्रासाठी सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. शकुंतलेच्या रुळांसारखी अवस्था या यंत्रांची होऊ लागली आहे. म्हणून जोवर गाडी चालू आहे, तोवर गाठी दुसऱ्या गाडीत भरून घेणे हाच उपाय होय. घरच्या समारंभाच्या तबकडीची प्रत संगणकावर घ्यावी, आणि दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी, शक्य तर नातलगाच्या घरी ठेवावी. एका घरास पाणी लागले किंवा एक साधन बिघडले, तरी ठेवा वाचतो. प्रत नीट उतरली आहे की नाही, हे शेवटपर्यंत पाहून घ्यावे. तबकडीवर कोण, कोठे आणि केव्हा ही माहितीही लिहून ठेवावी. कारण पन्नास वर्षांनंतर चेहरे दिसतील, पण नावे सांगणारे कोणी नसेल. मात्र विकत घेतलेल्या चित्रपटाच्या प्रती काढून वाटणे किंवा विकणे हा कायद्याने गुन्हा आहे, हेही विसरू नये.

प्रत न केल्याने काय होते, याची साक्ष आपल्या देशाच्या इतिहासातच आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. तो पाहण्यासाठी लोकांनी अलोट गर्दी केली. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. सारा बोलपट काळाच्या उदरात गडप झाला. याउलट १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषांच्या पाहणीसाठी अनेक भाषा व बोली बोलणाऱ्यांचे आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्यात आले. त्या तबकड्या ग्रंथालयांनी जिवापाड जपल्या, पुढे त्यांच्या नव्या प्रती काढल्या. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचे ते बोलणे आजही ऐकू येते. बोलपट गाजला, तरी हरवला. साध्या माणसांचे बोलणे जपले गेले, म्हणून टिकले.

यवतमाळच्या घराघरांतील तबकड्यांतही साध्या माणसांचेच बोलणे आहे. कोलामी, गोंडी, बंजारा आणि वऱ्हाडी बोलींतील कितीतरी गाणी कोणत्याही पुस्तकात छापलेली नाहीत. ती म्हणणाऱ्या व्यक्तीबरोबर जावयाची, की पुढच्या पिढीस मिळावयाची, हे कपाटातील त्या चळतीकडे वेळीच लक्ष जाते की तिच्याकडे कानाडोळा होतो, यावर अवलंबून आहे. मऊ कापडाचा एक तुकडा, थोडी समज आणि एका दुपारचे श्रम एवढ्यावर एखाद्या आजीचा आवाज तिच्या पणतवंडांपर्यंत पोचू शकतो.

शब्दार्थ

तबकडी – वाटोळी सपाट चकती
मुद्रित करणे – ठसा उमटविणे, नोंदवून ठेवणे
शलाका – बारीक काडी. येथे, प्रकाशाची बारीक रेषा
परावर्तित होणे – आपटून मागे फिरणे
वेटोळे – गोल गोल गुंडाळी
वेस – गावाची सीमा, तेथील दार
पोड – कोलामांची वस्ती
तांडा – बंजारा लोकांची वस्ती
लेंगी – होळीच्या सणात गावयाचे बंजारा गीत

अभ्यास

१. एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तबकडीतील ठेवा पाहावयास कोणत्या तीन गोष्टी जुळून याव्या लागतात?
(आ) जुन्या काळ्या तबकड्या कशापासून बनत?
(इ) भारताचा डीव्हीडी प्रदेश क्रमांक कोणता?

२. कारणे द्या.
(अ) तबकडी मध्यापासून कडेकडे पुसावी.
(आ) डीव्हीडीच्या यंत्रात ब्लू-रे तबकडी चालत नाही.
(इ) सीडीची नाव लिहिलेली बाजू विशेष जपावी.
(ई) एका यंत्रात चालणारी घरी भरलेली तबकडी कधी कधी दुसऱ्या यंत्रास कोरी भासते.

३. शकुंतला गाडीच्या उदाहरणावरून तबकडी आणि यंत्र यांचा मेळ आपल्या शब्दांत समजावून सांगा.

४. ‘आलम आरा’ नष्ट झाला आणि बोलींच्या तबकड्या टिकल्या, यावरून कोणता बोध मिळतो?

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
बोल लावणे; जिवापाड जपणे; कानाडोळा करणे; काळाच्या उदरात गडप होणे.

६. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा.
लग्नपत्रिका, लोहमार्ग, स्त्रीपुरुष, लेखनपद्धती.

७. उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांस विचारून त्यांच्याकडील जुन्या तबकड्यांची यादी करा. प्रत्येकीसमोर त्यात कोण आहे, तो प्रसंग कोठला व केव्हाचा, हे त्यांच्याकडून ऐकून लिहा. ती यादी तबकड्यांच्या शेजारीच ठेवा.